चार बोटं पाणी

१

माईंच्या परसातला पोहण्याचा तलाव चोवीस वर्षं गुण्यागोविंदानं नांदला आणि एका शुक्रवारी अचानक चोर ठरला. चोरी पाण्याची होती, रोज चार बोटं.

"मिस्त्रीकाका, तुम्हाला कळवणं माझं कर्तव्य होतं," माईंचा मुलगा फोनवर म्हणाला. त्याला लहानपणापासून सगळे दादासाहेब म्हणत आणि आता त्याला ते शोभू लागलं होतं. "तुमचा तलाव गळतोय. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांची भिंत ओली झालीय. उद्या आपलं घर खचेल. सोमवारी सकाळी दहाला मातीच्या गाड्या येतायत. बुजवून टाकतोय."

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यानं घरं बांधली, जिने बांधले, टाक्या बांधल्या. ती कामं त्याला आता नीट आठवतही नव्हती. पण या तलावाच्या तळाचा गिलावा त्यानं दुसऱ्या कुणाला करू दिला नव्हता. अकरा दिवस तो गुडघ्यांवर बसून थापी फिरवत होता. काम संपल्यावर तो माईंना म्हणाला होता, "माई, एक वेळ तुमचं घर गळेल, हा गळायचा नाही." असली वाक्यं माणूस ऐन उमेदीत बोलून जातो आणि म्हातारपणी ती वसुलीला येतात.

सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावलेली, तशा अवस्थेत तो माईंकडे पोचला. माई तलावाच्या काठी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी तीस वर्षं शाळेत पोहणं शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून जमिनीवर त्यांना चौपायी काठीशिवाय चार पावलंही टाकता येत नसत. पाण्यात मात्र त्या कुणाचा हात न धरता रोज सकाळी चाळीस फेऱ्या चालत. मातीची गाडी नेमकी काय बुजवणार होती, हे मिस्त्रीला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

दादासाहेबांनी त्याच्यापुढे एक वही धरली. पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलेली ती वही. जवळजवळ दर दिवशी दोन नोंदी, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. 'पाणी सोडलं. २ बोटं.' 'पाणी सोडलं. २ बोटं.' पानामागून पान तेच.

"रोज चार बोटं पाणी भरावं लागतंय, काका. मी दौऱ्यावर असतो, परवा परत आलो तेव्हा ही वही पाहिली. सहा आठवडे चाललंय हे." दादासाहेब आवाज न चढवता बोलत होते, आणि मिस्त्रीला तेच जास्त लागत होतं. "मला आनंद होतोय का यात? आईचं घर खचलं तर मी तिला कुठे ठेवू?"

"बुजवायचा तर बुजव," माई म्हणाल्या, "पण आधी तो गळतो हे सिद्ध कर. मी एका बाईला बोलावलंय. उद्या सकाळी येईल."

२

त्या बाईंनी पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं गळत्या शोधल्या होत्या. रस्त्याखालच्या नळाला लोखंडी काठीचं एक टोक लावायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटून ऐकायचं, एवढंच त्यांचं हत्यार. खात्यातले लोक त्यांना टिपूसबाई म्हणत. हे नाव कुणीतरी चेष्टेनं ठेवलं होतं, पण त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. शनिवारी सकाळी त्या आल्या तेव्हा मिस्त्रीनं पाहिलं, बुटक्या, साठीच्या, पायात कापडी बूट. मनात म्हणाला, ही काय करणार?

पुढच्या अर्ध्या तासात त्याचं मत बदललं. बाई तलावाभोवती तीनदा फिरल्या. कडेच्या फरशांना त्यांनी नखानं टकटक केलं. तळाशी दिसणाऱ्या गिलाव्याकडे त्या इतका वेळ बघत राहिल्या की मिस्त्रीला परीक्षेचा निकाल लागतोयसं वाटलं. त्या काही बोलल्या मात्र नाहीत.

"तलावाचं पाणी दोनच वाटांनी कमी होतं," मग त्या म्हणाल्या. "एक आकाशात आणि एक जमिनीत. ऊन-वारा पितो ते आकाशातलं, त्याला कुणाचा इलाज नाही. आपल्याला जमिनीतलं शोधायचंय. बादली आणा."

तलावाच्या दुसऱ्या पायरीवर त्यांनी बादली ठेवली, ती तरंगू नये म्हणून तळाशी वीट घातली आणि तलावाचंच पाणी तिच्यात ओतलं, बाहेर जेवढी पातळी तेवढीच आत. मग मेणाच्या खडूनं दोन रेघा मारल्या. एक बादलीच्या आत आणि एक तलावाच्या काळ्या फरशीवर. ही काळी फरशी मिस्त्रीनंच पातळीची खूण म्हणून बसवली होती.

"ऊन दोघांवर सारखंच पडणार," बाई म्हणाल्या. "उद्या या वेळेपर्यंत बादली जेवढी उतरेल तेवढाच तलाव उतरला, तर तो ठणठणीत. जास्त उतरला, तर गळका. पंप बंद. माई, आज-उद्या पाण्यात उतरायचं नाही."

माईंचा चेहरा पडला, पण त्या शिस्तीच्या होत्या. "नाही उतरत," म्हणाल्या.

बाईंनी पंपाच्या खोलीच्या दारावर स्वतःच्या हातानं सूचना चिकटवली. 'तलावातलं पाणी कोणीही सोडू नये.' दादासाहेबांनी ती फोनवरून बायकोलाही जशीच्या तशी वाचून दाखवली. सूनबाई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होत्या, संध्याकाळी सातला परतायच्या. सकाळी पंप धुवायला येणाऱ्या पंपवाल्याची दुसऱ्या दिवशी रविवारची सुट्टीच होती. चोख बंदोबस्त झाला.

रविवारी सकाळी सगळे काठाशी जमले. मिस्त्रीला रात्रभर झोप नव्हती. बाई वाकल्या. बादलीतलं पाणी रेघेखाली नखभर उतरलं होतं. मग त्यांनी काळ्या फरशीकडे पाहिलं. पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

तलाव उतरलाच नव्हता. रेघ पाण्याखाली गेली होती. तलाव दोन बोटं वर चढला होता.

३

"गळका तलाव वर कसा चढतो?" दादासाहेबांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "कुणीतरी भरल्याशिवाय चढत नाही. घरात सगळ्यांना सूचना सांगितली होती. मग ज्याचं नाव या तलावाला चिकटलंय, त्यानंच..." पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं. त्याची गरजही नव्हती, कारण कुंपणापलीकडून दातांचे डॉक्टर बोलले.

"काल संध्याकाळी पाचला हे मिस्त्री इथे वाकलेले मी माझ्या खिडकीतून पाहिले."

मिस्त्रीची कानशिलं तापली. "आलो होतो," तो म्हणाला. "बादली बघायला आलो होतो. राहवलं नाही. फरशीवरून हात फिरवला आणि गेलो. पाण्याला शिवलो नाही."

"काका, मी तुमच्यावर आरोप करत नाही," दादासाहेब म्हणाले. माणूस असं म्हणतो तेव्हा आरोप करून झालेला असतो.

मिस्त्रीनं टिपूसबाईंकडे पाहिलं. त्याला वाटलं, त्या तरी म्हणतील, हा माणूस असं करणार नाही. पण त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. अजून माहीत नाही." आणि भरणीच्या नळाच्या चाकाला लाल दोरा गुंडाळून त्यावर त्यांनी लाखेचं टिपूस पाडलं. "पहिली परीक्षा फुकट गेली. बादलीला आणि तलावाला नवी रेघ मारते. उद्या सकाळी पुन्हा. गाड्या दहाला येणार ना? मला नऊपर्यंत वेळ आहे. मिस्त्री, तुम्ही माझ्याबरोबर चला. म्हणजे तुमच्यावर नजरही राहील."

शेवटचं वाक्य त्या हसून बोलल्या का, ते मिस्त्रीला कळलं नाही.

पहिली भेट दातांच्या डॉक्टरांची. हा माणूस तलावाला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहायचा. तलावात पोहायला येणाऱ्या मुलांचा गलबला ऐकून पेशंट घाबरतात, ही त्याची जुनी तक्रार. दवाखान्याच्या मागच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओलीचा पट्टा होता आणि भिंतीला लागूनच माईंच्या घरचं सांडपाण्याचं गटार जात होतं. बाईंनी भिंतीला आधी तळहात लावला, मग गाल लावला. डॉक्टर बघतच राहिले.

"आज बरीच कोरडी आहे."

"रविवारी असतेच जरा बरी," डॉक्टर नाइलाजानं म्हणाले. "एरवी सकाळी आठला या. पाझर लागलेला असतो नुसता."

"दर रविवारी?"

"रविवारी मी निवांत असतो, म्हणून लक्षात राहिलं."

बाहेर आल्यावर बाई गटाराशी उकिडव्या बसल्या. गटाराला हातभर लांब तडा होता. त्यांनी त्यात काडी घालून पाहिली. मिस्त्री मनात म्हणाला, कुठेतरी पाणी मुरतंय खरं. मग त्याचं त्यालाच हसू आलं आणि लगेच विरलं.

परत येऊन बाई माईंपाशी बसल्या. माई सकाळीच चौपायी काठी घेऊन फाटकापर्यंत चालायला गेल्या होत्या आणि वाटेत दोनदा थांबून आल्या होत्या. कपाळावर घाम होता.

"माई, तुम्ही रोज पाण्यात असता. काही वेगळं जाणवतं?"

"हसशील," माई म्हणाल्या, "पण रविवारी तलाव मला जास्त उचलतो. पाणी खांद्याला लागतं. इतर दिवशी जरा खाली असतं. मुलगा म्हणतो, वय झालं, भास होतात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी माईंचा हात दाबला. "पोहायला शिकवणाऱ्या बाईला दोन बोटांचा भास होत नाही," त्या म्हणाल्या. मग त्या मागचं पाण्याचं बिल मागून घेऊन परसातल्या नळाच्या वेगळ्या मीटरपाशी गेल्या आणि दहा मिनिटं कागदावर आकडे मांडत बसल्या. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा पार बदललेला होता.

"मिस्त्री, वहीप्रमाणे सहा आठवडे रोज चार बोटं पाणी भरलं. बरोबर?"

"बरोबर."

"मीटर म्हणतो, रोज दोनच बोटं आलं. उरलेली दोन बोटं कुठून आली?"

४

पंपवाल्याचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. सुट्टीच्या दिवशी तो सायकलची साखळी धूत बसला होता. पस्तिशीतला, अबोल, कामाला वाघ. सूर्य उगवायच्या आत माईंकडे जायचं, गाळणी धुवायची, पाणी खुणेवर आणायचं आणि घर जागं व्हायच्या आत निघायचं, हा त्याचा शिरस्ता. घरातल्या कुणाशी महिना महिना त्याचं बोलणं होत नसे. जे सांगायचं ते वहीत.

"तुझ्या तलावाच्या गळतीबद्दल विचारायला आलो," बाई म्हणाल्या.

त्यानं साखळी खाली ठेवली. "गळती? कसली गळती?"

"दादासाहेब म्हणतात, रोज चार बोटं गळतो."

पंपवाला त्यांच्याकडे असा बघू लागला, जणू कुणी त्याला सायकलला पाच चाकं असतात म्हणून सांगितलं. "अहो बाई, तो तलाव गळत नाही. त्याला झरा लागलाय."

मिस्त्री मटकन पायरीवर बसला.

"खालून," पंपवाला गंभीरपणे सांगू लागला. "सहा आठवडे झाले. रोज सकाळी जातो, तर पाणी खुणेच्या वर दोन बोटं. गाळणीचं तोंडच बुडतं, मग पाण्यावरचा पाला ओढला जात नाही. काय करणार? पाणी सोडतो. दोन बोटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर! सोमवारीसुद्धा तेच."

"सोडतोस कुठे?"

"गटारात. दुसरीकडे कुठे सोडणार?"

"आणि वहीतल्या संध्याकाळच्या नोंदी?"

"त्या घरच्यांच्या. तेही बिचारे संध्याकाळी सोडतातच की दोन बोटं. रोज चार बोटं पाणी सोडतोय आम्ही, तरी सकाळी तलाव वर! झऱ्याला फार जोर आहे. मी म्हटलं, मोठ्या लोकांचा तलाव, त्यांना ठाऊक असेल. आपण कशाला तोंड घाला?"

रस्त्यात आल्यावर मिस्त्रीचं डोकं गरगरत होतं. एकच तलाव, एकच वही. दादासाहेबांनी वाचली तर तलाव रोज चार बोटं पाणी पितो आणि पंपवाल्यानं वाचली तर रोज चार बोटं पाणी देतो. दोघंही शपथेवर सांगणार. "बाई, आता तर मलाच कळेना मी काय बांधलंय," तो म्हणाला. "तलाव की विहीर?"

टिपूसबाई चालता चालता थांबल्या. भर रस्त्यात एकट्याच हसायला लागल्या, इतक्या की एक सायकलवाला वळून बघून गेला.

"मिस्त्री, मी गाढव आहे," त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षं नोकरी केलेली पक्की गाढव. माझ्या चिकटवलेल्या कागदावर काय लिहिलं होतं?"

"तलावातलं पाणी कोणीही सोडू नये."

"इथेच तर घोडं पेंड खातंय. सूनबाई किती वाजता येतात?"

५

रविवारी लॅब लवकर सुटे, त्यामुळे सकाळीच गेलेल्या सूनबाई चारला आल्या. पर्स खांद्यावर, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांना लॅबची नोकरी, घर, सासूबाई असं तीन ठिकाणी पुरं पडावं लागत होतं आणि त्या ते कुरकुर न करता करत होत्या. बैठकीच्या खोलीत सगळे जमलेले पाहून त्या दचकल्या. दादासाहेब होते, माई होत्या, दातांचे डॉक्टर तर आमंत्रण नसताना आले होते, आणि दाराशी मिस्त्री उभा होता. त्याला खुर्ची दिली होती, पण त्याला बसवेना.

"एकच प्रश्न," टिपूसबाई म्हणाल्या. "काल संध्याकाळी तुम्ही पाणी सोडलंत?"

"छे!" सूनबाई म्हणाल्या. "सूचना होती ना. यांनी फोनवर वाचून दाखवली, मी दारावरही वाचली. तलावातलं टिपूसभरही सोडलं नाही. रोजचं सोडते तेवढं सोडलं, बस."



"रोजचं," बाई हळूच म्हणाल्या. "कुठे?"

"तलावात. भरणीचा नळ तासभर. दोन बोटं चढतं." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "का? तलावातलं सोडायचं नव्हतं. तलावात सोडायचं नाही असं कुणी म्हटलं?"



"कुणी नाही म्हटलं," टिपूसबाई म्हणाल्या. "ती चूक माझी, पहिल्यांदा कबूल करते. आणि मिस्त्री, आज सकाळी तुम्हाला जे ऐकावं लागलं, त्यातला निम्मा वाटा माझा." मग त्या वही घेऊन उभ्या राहिल्या, आणि मिस्त्रीला वाटलं, या बाईला शाळेत फळ्यासमोर उभी करायला हवी होती.

"सहा आठवड्यांपूर्वीची ही पहिली नोंद. पेन्सिलीनं, पंपवाल्याचं अक्षर. 'पाणी सोडलं, २ बोटं.' त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं, आठवतं? अवेळी पाऊस झाला होता, धो धो. पाऊस पडल्याच्या दुसऱ्या सकाळी तलाव भरायला कशाला लागेल? पंपवाल्यानं जास्तीचं पाणी बाहेर सोडलं. त्या संध्याकाळी सूनबाईंनी नोंद वाचली."

"मला वाटलं, त्याला आत सोडावं लागलं," सूनबाई पुटपुटल्या. "म्हणजे तलावातलं पाणी कमी झालं. माईंना सकाळी कमी पडू नये, म्हणून मग मीही..."

"म्हणून तुम्हीही सोडलंत. आत. निळ्या पेनानं लिहिलंत, 'पाणी सोडलं, २ बोटं.' सकाळी पंपवाल्याला पाणी दोन बोटं वर दिसलं. त्यानं सोडलं. बाहेर. तुमची नोंद वाचून त्याला वाटलं, हेही बाहेरच सोडतायत, तरी पाणी वाढतंय, म्हणजे खाली झराच! तुम्ही त्याची नोंद वाचून म्हणालात, सकाळीही भरावं लागतंय, म्हणजे गळतीच! तेव्हापासून तुम्ही संध्याकाळी भरताय आणि तो सकाळी ओततोय. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय."

"आणि माझी भिंत?" डॉक्टर म्हणाले.

"तुमच्या भिंतीनंच मला वाट दाखवली, डॉक्टर. गळतीला रविवारची सुट्टी नसते. सुट्टी माणसाला असते. रविवारी पंपवाला येत नाही, गटारात पाणी जात नाही आणि तडा गेलेलं गटार तुमच्या भिंतीत झिरपत नाही. त्याच सकाळी माईंना पाणी खांद्याला लागतं, कारण शनिवारी भरलेलं कुणी ओतलेलं नसतं. रविवारी मात्र सूनबाई नळ सोडत नसतील."

"नाही. रविवारी सकाळची त्याची नोंदच नसते," सूनबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, रविवारी तलाव जरा कमी गळत असेल."

यावर माई इतक्या मोठ्यानं हसल्या की दादासाहेबांनाही हसू आवरेना. सूनबाई मात्र रडवेल्या झाल्या. "माझ्यामुळे तलाव बुजणार होता," त्या म्हणाल्या.

"तुझ्यामुळे तलाव सहा आठवडे काठोकाठ भरलेला होता," माई म्हणाल्या. "दिवसभर राबून आल्यावर माझ्यासाठी तासभर नळ सोडत होतीस आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. इकडे ये."

दादासाहेब वही उलटसुलट करत होते. "सोडलं," ते म्हणाले. "एका शब्दानं ध चा मा केला. आणि मी बसलो बेरीज करत."

"सगळ्यांनी वही वाचली," टिपूसबाई म्हणाल्या. "पाणी कुणीच वाचलं नाही. पण दादासाहेब, इथवर झाला तो नुसता तर्क. रोज दोन बोटं आली आणि दोन बोटं गेली, एवढंच मी दाखवलं. तलाव त्याखेरीज थोडा थोडा गळत असेल तर? जुना गिलावा आहे. केसाएवढा तडाही पुरतो." त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. "ते उद्या सकाळी बादली सांगेल."



६

सोमवारी सकाळी साडेआठलाच मातीची पहिली गाडी फाटकाशी उभी होती. दादासाहेबांनी ती परत पाठवली नव्हती. त्यांचंही चूक नव्हतं. तर्कावर घर उभं राहत नाही, हे मिस्त्रीनं आयुष्यभर स्वतःच लोकांना सांगितलं होतं.

नळावरचा लाल दोरा आणि लाख जशीच्या तशी होती. पंपवाला आला होता, पण लांब उभा होता. आदल्या संध्याकाळी बाईंनी त्याला सगळं समजावून सांगितलं, तेव्हापासून तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. सूनबाईंनी तासभर उशिरा जाण्याची परवानगी घेतली होती. माई काठाशी खुर्चीत बसल्या होत्या, त्यांचे दोन्ही हात चौपायी काठीवर घट्ट आवळलेले होते.

बाई दुसऱ्या पायरीवर उतरल्या. कापडी बूट भिजले, त्याचं त्यांना भान नव्हतं. खिशातून त्यांनी पोलादी पट्टी काढली. आधी बादलीतल्या रेघेपासून पाण्यापर्यंत मोजलं. मग काळ्या फरशीवर मोजलं. मग पुन्हा बादली आणि पुन्हा फरशी.

"दादासाहेब, तुम्हीच या," त्या म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यांनी बघा."

दादासाहेब पँट वर न करताच पाण्यात उतरले. वाकून त्यांनी बादलीवर पट्टी धरली, मग फरशीवर धरली.

"नखभर," ते म्हणाले. "इथेही नखभर आणि तिथेही नखभर. पट्टीवरची एक रेघही इकडची तिकडे नाही." ते सरळ झाले आणि वळून मिस्त्रीपुढे आले. पायांतून पाणी निथळत होतं. "काका, मी तर या तलावावर पाणीच सोडलं होतं. तुमच्यावर संशय घेतला. लहानपणी मला खांद्यावर बसवून तुम्ही हा खड्डा दाखवला होता, आणि मी तुमच्यावर संशय घेतला." त्यांनी वाकून मिस्त्रीच्या पायांना हात लावला. मिस्त्रीनं त्यांना मध्येच धरलं.

दादासाहेब तसेच ओल्या पायांनी फाटकाशी गेले आणि गाडीवाल्याशी बोलले. गाडी मागे गेली तसे माईंचे हात काठीवर सैल झाले.

बाई पायरीवरच बसून बूट पिळत होत्या. "मिस्त्री," त्या वर न बघता म्हणाल्या, "चौतीस वर्षांत मी हजारभर टाक्या आणि तलाव तपासले असतील. नव्या कोऱ्या टाकीतही बादली आणि टाकी यांच्यात थोडा फरक सापडतोच. आम्ही कागदावर लिहितो, 'नगण्य'. आज पहिल्यांदा मला 'शून्य' लिहावं लागणार आहे. परवा आल्या आल्या तळाचा गिलावा पाहिला तेव्हाच मला वाटलं होतं. पण वाटण्याला माझ्या कामात किंमत नाही. म्हणून बोलले नाही."

मिस्त्रीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही. इतकी वर्षं लोकांनी त्याला चांगलं म्हटलं होतं. पण एवढं काटेकोर कुणी म्हटलं नव्हतं, आणि जे काटेकोर म्हटलेलं असतं तेच त्याच्यासारख्या माणसाला खरं वाटतं.

"बाई, तुम्ही..." तो म्हणाला आणि थांबला. त्याला म्हणायचं होतं की तुमच्यासारखं काम करणारं माणूस मी पाहिलं नाही. त्याऐवजी तो म्हणाला, "ते गटार मी आजच दुरुस्त करतो. डॉक्टरांच्या भिंतीचं मी बघतो."

तोवर माई पाण्यात उतरल्या होत्या. दोन दिवसांची उपासमार झालेल्या माणसासारख्या त्या चालत सुटल्या, पहिली फेरी, दुसरी फेरी, पाठ ताठ, कुणाचा हात नाही. तिसऱ्या फेरीला त्या मिस्त्रीसमोर थांबल्या.

"मिस्त्री, तुम्ही यात कधी उतरलात का हो?"

"बांधताना होतो की आत, अकरा दिवस."

"पाणी भरल्यावर?"

मिस्त्री ओशाळला. "मला पोहता येत नाही, माई."

माईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जिच्यापुढे तीस वर्षं शाळेतल्या कुठल्याही पोराची टाप नव्हती. "सदरा काढा," त्या म्हणाल्या.

"माई, या वयात!"

"बटणं शुक्रवारपासून चुकीचीच लागतायत तुमची. काढा म्हणते ना."

पाच मिनिटांनी तो पाण्यात होता, छातीपर्यंत, दातखीळ बसलेला, दोन्ही हातांनी तलावाची कड पकडून. पायांना तळ लागत होता. तो तळ त्याला पावलांनी ओळखू येत होता, कुठे थापी वळली आणि कुठे दुसऱ्या दिवशीचं काम सुरू झालं, सगळा. काठावर टिपूसबाई, दादासाहेब, सूनबाई आणि पंपवाला रांगेत उभे राहून बघत होते.

माईंनी एक हात त्याच्या पाठीखाली धरला.

"मी आहे," त्या म्हणाल्या. "मान मागे. पोट वर. आता कड सोडा, मिस्त्री."

त्यानं सोडली.